जंजिऱ्यावर विचारलेला प्रश्न

मुलांची सुट्टी आणि ‘ह्यांची’ रजा एकाच आठवड्यात येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योगच! तो यंदा दिवाळीनंतर जमला आणि आम्ही मुरूडला जाऊन जंजिरा पाहून आलो. बरोबर सासूबाईही होत्या. ‘मी आपली धक्क्यावरच बसते’ म्हणत निघाल्या आणि होडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या!

राजपुरीहून शिडाच्या होडीतून जाताना समोर नुसता काळा तट दिसतो. दरवाजा कुठं आहे ते अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. दारापाशी दगडात कोरलेला एक पशू आहे. त्याच्या पंज्यांत नि शेपटीत हत्ती! सिद्दींची ही ऐट. जंजिरा म्हणजेच बेट. मूळ अरबी शब्द ‘जझीरा’.

आत मात्र सगळी पडझड. सुरूलखानाच्या उंच वाड्याच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत, पायऱ्यांतून झाडं उगवली आहेत. इथं १९४८ पर्यंत सिद्दींचं संस्थान होतं. चहूकडे खारं पाणी, पण आत गोड्या पाण्याचे दोन तलाव! ते पाहून सासूबाई म्हणाल्या, “पाण्याची सोय आधी बघितली बघ. शहाणी माणसं!”

तटावर कलालबांगडी तोफेपाशी माझ्या चौथीतल्या मुलानं विचारलं, “आई, हा किल्ला महाराजांनी कधी जिंकला?”

“नाही जिंकता आला.”

“म्हणजे महाराज हरले?”

खरं सांगू? मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत इतिहास शिकवते, पण मला पटकन उत्तर सुचेना. वर्गात हा भाग मी दोन ओळींत उरकते. पराभव शिकवायला आपल्याला नको वाटतं ना!

मग त्याला समुद्रात दूर दिसणारा पद्मदुर्ग दाखवला. जंजिरा हाती येईना, तेव्हा महाराजांनी त्याच्यासमोर पाण्यातच दुसरा किल्ला उभारला. १६७६ साली लाय पाटलानं रात्री ह्याच तटाला शिड्या लावल्याचं सांगतात. पण मागची कुमक वेळेवर पोचली नाही. संभाजीराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव घालून वाट करायला घेतली. तेवढ्यात मोगल चालून आले नि काम अर्धवट राहिलं. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे त्यांनी सोडून नाही दिलं.”

सासूबाई तिथंच टेकल्या होत्या. त्यांनी त्याला नुसतं जवळ ओढलं.

तुम्ही जाणार असाल तर थोडं सांगते. पावसाळा टाळा, तेव्हा समुद्र खवळलेला असतो. पायांत घट्ट बसणारे बूट-चपला हव्यात. दगडांवर शेवाळ असतं. प्यायचं पाणी, दशम्या, टोपी बरोबर घ्या. तटावर लहान मुलांचा हात सोडू नका. आणि होडीवाल्यानं सांगितलेली परतीची वेळ पाळा.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच तासाला मी फळ्यावर ‘जंजिरा’ लिहिलं. ह्या वेळी दोन ओळींत उरकलं नाही; पूर्ण तास घेतला. घंटा झाली तरी पोरं उठेनात!