टिना दगडानं नाही, स्क्रूनं टिकतात : कवेलू काढून पत्रा टाकण्याआधी हा हिशोब वाचा

मोहगाव (ता. सौंसर) : मृग लागायच्या आत घर झाकून घ्यायची घाई आपल्याकडं दरवर्षीच असते. पूर्वी या दिवसांत कवेलू फेरायचं काम चालायचं. आता कवेलू फेरणारा माणूस मिळत नाही, नवे कवेलू मिळणं कठीण, आणि वानरांच्या एका उडीत दहा-वीस कवेलू फुटतात. त्यामुळे मोहगाव असो की सौंसर-पांढुर्ण्याकडची खेडी, लोक एकेक खोली करत टिनाकडं वळत आहेत. निर्णय चुकीचा नाही. पण कवेलूचं घर आणि टिनाचं घर यांत एक मोठा फरक आहे. तो लक्षात न घेता टिना टाकल्या, तर पहिल्याच वावधानात छप्पर शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतं.

फरक नेमका काय?

कवेलूचं छप्पर आपल्या वजनानं जागेवर बसतं. शिवाय दोन कवेलूंमधल्या फटींतून हवा निघून जाते. टिन हलकी असते आणि तिच्यातून हवा जात नाही. वारा छपरावरून वेगानं जातो तेव्हा वरून ओढ बसते. दार-खिडकीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. म्हणजे वारा टिन दाबत नाही, उचलतो.

आता हिशोब करू. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ४७ किलो भरतो. १२ बाय १५ फुटांचं छप्पर म्हणजे जवळपास १६.७ चौरस मीटर. त्यावर एकूण जोर सुमारे ७८० किलो. याच छपरावरच्या अर्ध्या एमएमच्या टिनांचं वजन ७५-८० किलोच्या आसपास. वर पाच-पाच किलोचे वीस दगड ठेवले तरी १०० किलोच वाढले. बाकीचा जोर कोण धरणार? स्क्रू आणि पाईप. दगड धरत तर नाहीतच, उलट टिन उचलली की तेच दगड कोणाच्या तरी डोक्यात पडतात.

ताशी १०० चा वारा म्हणजे फार झालं, असं वाटत असेल तर हेही पाहा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) शेजारच्या नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वेग धरायला सांगितला आहे.

साखळी तपासा : टिन, स्क्रू, पाईप, भिंत

बऱ्याच ठिकाणी टिन पाईपाला पक्की असते, पण पाईप भिंतीवर नुसते टेकवलेले असतात. मग एकेक टिन उडत नाही, पाईपासकट पूर्ण छप्परच जातं. जुनी मातीची किंवा विटांची भिंत असेल तर पाईपाच्या टोकाखाली सिमेंट काँक्रीटचा ठोकळा भरून घ्या. त्यात आधीच गाडलेल्या बोल्टाला किंवा सळईला पाईप कसा. दोन विटांमध्ये पाईप दाबून वरून गिलावा मारणं, याला पक्कं काम म्हणत नाहीत.

आडव्या पाईपांमध्ये चार फुटांपेक्षा जास्त अंतर नको. एक पाईप वाचवायला गेलात तर टिन मधे झुकते, पाणी साचतं आणि चालताना पाय पडला की चेपते.

उतार एका फुटाला किमान दोन इंच ठेवा. दहा फुटांच्या खोलीला वीस इंच. कमी उतारावर पाणी जोडात शिरतं आणि वाऱ्याची ओढही जास्त बसते.

स्क्रू मोजून घ्या

वाऱ्याचा सगळ्यात जास्त जोर छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना असतो. म्हणून खालच्या आणि वरच्या पाईपावर प्रत्येक उंचवट्याला स्क्रू हवा, मधल्या पाईपांवर एकाआड एक चालतो. वरच्याच १२ बाय १५ च्या छपराला या हिशोबानं ७० ते ७५ स्क्रू लागतात. तीस स्क्रूत काम आटोपलं असेल तर समजून जा.

स्क्रू उंचवट्यावर मारायचा, नालीत नाही. नालीतूनच पाणी वाहतं. रबराचं वायसर असलाच पाहिजे. स्क्रू मशीननं सरळ बसवायचा, हातोडीनं ठोकायचा नाही. रबर चपटं होऊन बाहेर येईल इतका आवळला तर ते उन्हात लवकर तडकतं, आणि दोन पावसाळ्यांनी लोक म्हणतात की टिनच खराब निघाली.

आपल्याकडं पावसाचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. म्हणून टिना पूर्वेच्या बाजूनं टाकायला सुरुवात करा. म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला राहतं. वर-खाली दोन टिनांचा जोड येत असेल तर किमान सहा इंच एकमेकांवर चढवा.

समोरची उघडी सपरी सगळ्यात धोक्याची, कारण तिथं खालून वारा थेट लागतो. जमलं तर सपरीचं छप्पर घराच्या छपरापासून वेगळं ठेवा. सपरी गेली तरी घर वाचतं.

दुकानात काय पाहायचं?

टिन 'गेज'मध्ये नाही, एमएममध्ये विचारा आणि बिलावर तसं लिहून घ्या. शंका आली तर वजनकाट्यावर ठेवा. साडेतीन फूट रुंदी झाकणारी दहा फुटी टिन साधारण चार फूट रुंद सपाट पत्र्यापासून बनते. ती ०.५० एमएमची असेल तर साडेचौदा किलोच्या आसपास भरते, ०.३५ ची दहा किलोच्या आसपास. भाव पाहण्याआधी हे वजन पाहा, नाहीतर स्वस्त पडलेली टिन प्रत्यक्षात पातळ असते.

ऊन आणि करंट

कवेलूखाली मे महिन्यात बसता येतं, टिनेखाली नाही. उंची शक्य तितकी जास्त ठेवा. माथ्याजवळ समोरासमोर जाळीचे झरोके ठेवा, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. वरून पांढरा उष्णतारोधक रंग दिला तर बराच फरक पडतो.

खांबावरून येणारी सर्व्हिस वायर टिनेला घासत नाही ना, हे काम संपायच्या आधी पाहा. वायरचं आवरण कापलं गेलं तर पूर्ण छपरात करंट उतरतो.

तरीही नुकसान झालं तर

मध्य प्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ नुसार आंधी-तुफानात घराचं नुकसान झाल्यास शासकीय मदतीची तरतूद आहे. आधी फोटो काढा, पटवाऱ्याला कळवा, पंचनामा झाल्यावरच पडलेला माल उचला. टिनांचं बिल जपून ठेवा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. मिस्त्री किंवा वेल्डिंगवाल्याला सगळे पैसे आधी देऊ नका. थोडे हातात ठेवा. शिडीवर चढून कडांचे स्क्रू मोजा, पाईपाचं टोक हलवून पाहा, छपरावर दोन बादल्या पाणी ओता. आतून गळत नसेल आणि पाईप हलत नसेल, तरच बाकीचा हिशोब चुकता करा.