विजेच्या वाटेवरील दोन बंधारे

कोल्हापूरकरांस बंधारा समजावून सांगण्याची गरज नाहीं. दगडी खांबांच्या खांचांत बरगे घालून नदीचें पाणी अडवावयाचें आणि पावसाळ्यापूर्वीं ते काढून घ्यावयाचे, ही कोल्हापुरी पद्धत महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. असे दोन बंधारे एकापुढें एक असले, म्हणजे पाण्याची पातळी दोन टप्प्यांनीं उतरते. विजेचा दाब कमी करण्याची सर्वांत साधी रीत अशीच आहे.

उसाच्या शेतांतील ओलावा मोजणारें एखादें छोटें उपकरण घ्या. त्याची बॅटरी १२ व्होल्टांची. परंतु ती किती भरली आहे हें पाहणारा आंतील चिमुकला संगणक ५ व्होल्टांहून अधिक दाब सोसत नाहीं. बॅटरीची तार सरळ त्यास जोडली, तर तो निकामी होण्याची भीति. म्हणून बॅटरीच्या धन टोकाकडे ३०,००० ओहमचा आणि ऋण टोकाकडे १०,००० ओहमचा, असे दोन रोधक एकापुढें एक जोडावे. संगणकाची मोजणीची तार दोहोंच्या सांध्यास लावावी व त्याचें ऋण टोक बॅटरीच्या ऋण टोकास जोडावें.

दोहोंतून प्रवाह एकच वाहतो. आणि जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें ज्याचा रोध अधिक, त्याच्यावर दाब अधिक उतरतो. एकंदर रोध ४०,००० ओहम. त्यांत धाकट्याचा वांटा चौथाई. तेव्हां १२ पैकीं ३ व्होल्ट सांध्यावर मिळतात. भरतेवेळीं बॅटरी १४.४ व्होल्टांवर गेली, तरी तेथें ३.६ च होतात.

मग ३० व १० ओहमचे रोधक कां घेऊं नयेत? वांटा तोच राहील. पण प्रवाह हजारपट होऊन ३.६ वॅट शक्ति नुसत्या उष्णतेंत जाईल, आणि ७ अँपिअर-तासांची बॅटरी एका दिवसांत रिती होईल.

या रीतीची मर्यादाहि ओळखली पाहिजे. दोन बंधाऱ्यांमधील पाण्यावर मोठे पंप बसविले, तर तेथील पातळी खचते. तसेंच सांध्यावर १०,००० ओहमचें आणखी एक उपकरण जोडलें, कीं ३ व्होल्टांचे सुमारें १.७ होतात; २० ओहमचा दिवा जोडला, तर व्होल्टाचा शंभरावा हिस्साहि उरत नाहीं. मोजणी करणारा संगणक प्रवाह जवळजवळ ओढीत नाहीं, म्हणूनच त्यास हे दोन रोधक पुरतात. दिवा किंवा पंखा चालवावयाचा असेल, तर दाब स्थिर राखणारा नियंत्रकच घ्यावा.