आवडते सुनीत निवडताना

सुनीत म्हणजे एकच भाव किंवा विचार घेऊन चौदा ओळींत पुरी होणारी कविता. शेक्सपियरची १५४ सुनीते १६०९ मध्ये छापली गेली. मराठीत हा प्रकार केशवसुतांनी आणला. 'मयूरासन आणि ताजमहाल' ही त्यांची १८९२ मधली रचना पहिले मराठी सुनीत मानली जाते. ते स्वतः तिला 'चतुर्दशक' म्हणत; 'सुनीत' हे नाव नंतर रुळले.

काव्यप्रेमी मंडळी एकत्र बसून आवडती सुनीते निवडू लागली की वाद बहुधा कलाटणीवरून होतो. पहिल्या आठ ओळींत विषय उभा राहतो आणि पुढच्या सहांत तो वळतो. शेक्सपियरच्या धाटणीत हे वळण अनेकदा अखेरच्या दोन ओळींपर्यंत लांबते. वळण ओढूनताणून आणलेले असेल, तर सुंदर प्रतिमाही सुनीताला तारत नाहीत. दुसरी कसोटी कानाची. मराठी सुनीते बरीचशी शार्दूलविक्रीडित वृत्तात आहेत: ओळीला १९ अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम. मोठ्याने म्हटले की भरीचा शब्द लगेच खटकतो. म्हणून निवड मनातल्या मनात वाचून करू नये.

अशा बैठकींची परंपरा मराठीत जुनी आहे. राहुरीत काही काळ राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचे घर कवितेने भरलेले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात तिथले दिवस भेटतात. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी रविवारी चहाला जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत, पारखत. माधव जूलियनांच्या 'तुटलेले दुवे' (१९३८) मध्ये तर सुनीतांची मालिकाच आहे. अशा मालिकेतून एकच सुनीत उचलणे अवघड, कारण मागच्या-पुढच्या सुनीतांचा आधार सुटतो.

लोकप्रियतेत मात्र केशवसुतांच्या 'आम्ही कोण?'ला तोड नाही. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्याचे विडंबन केले आणि ते वाचकांना चटकन भिडले, कारण मूळ सुनीत घरोघरी पाठ होते. पुढे विंदा करंदीकरांनी मुक्तसुनीते लिहून वृत्ताचे बंधन सैल केले. तिथे १९ अक्षरांचा हिशेब उपयोगी पडत नाही. निवडणाऱ्याला बोलण्याची लय आणि विचाराची कलाटणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.