वाचनालयाचं कुलूप रोज कोण उघडतं?

संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. गल्लीतल्या छोट्या वाचनालयाचं शटर वर जातं. पायरीवर दोन बुजुर्ग आधीच येऊन बसलेले असतात, त्यांना पेपर हवा असतो. मागोमाग दप्तर घेऊन दोन-तीन मुली येतात आणि कोपऱ्यातल्या टेबलावर अभ्यासाला बसतात. घरी दोनच खोल्या, त्यात टीव्ही, लहान भावंडं, पाहुणे. इथे निदान दोन तास शांतता मिळते.

नाशिकमध्ये आणि आसपासच्या गावांत अशी छोटी वाचनालयं आहेत. आपण तिथे गेलो तर पुस्तकं किती आहेत, हे पाहतो. पण ते शटर रोज वेळेवर कोण उघडतं, त्या माणसाला महिन्याला काय मिळतं, हे आपण सहसा विचारत नाही. खरं तर वाचनालय टिकतं की बंद पडतं, ते याच गोष्टीवर ठरतं. आपल्या मोहल्ल्यात वाचनालय असावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आधी समजून घ्यायला हवं.

नाशिक हे वाचनालयांच्या बाबतीत जुनं शहर आहे. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये सुरू झालं. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. पण अशा मोठ्या संस्थेकडे सभागृह असतं, नाट्यगृह असतं, उत्पन्नाची साधनं असतात. छोट्या वाचनालयाकडे एक खोली, काही कपाटं आणि बहुतेक वेळा एकच कर्मचारी असतो.

एकाच माणसाची पाच कामं

मोठ्या वाचनालयात ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, लिपिक, निर्गम सहायक, शिपाई अशी पदं असतात. निर्गम सहायक म्हणजे पुस्तकांची देवघेव पाहणारा. छोट्या ठिकाणी ही सगळी कामं एकाच व्यक्तीकडे येतात. झाडू मारणं, पेपर लावणं, कालचे पेपर गठ्ठ्यात ठेवणं, पुस्तकं देणं-घेणं आणि हिशेब लिहिणं, सगळं तिनेच करायचं.

नवीन पुस्तक आलं की ते लगेच कपाटात जात नाही. आधी दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो. मग शिक्का, पाठीवर चिठ्ठी, विषयाप्रमाणे जागा. एक पुस्तक भेट दिलं तरी एवढं काम असतं. म्हणून घर आवरताना निघालेली जुनी गाईडं आणि फाटकी पाठ्यपुस्तकं कुणी पोत्यात भरून आणून टाकली, तर ती मदत नसते, ते वाढीव काम असतं.

याशिवाय सभासदांची नोंद, वर्गणीच्या पावत्या, देवघेवीची वही, रोज येणाऱ्या वाचकांच्या सह्यांची वही. या वह्या पाहायला सरकारी तपासणी येते. वह्या नीट नसतील तर अनुदान अडचणीत येतं. पेपर वाचून सही न करता निघून जाणारा वाचक नकळत वाचनालयाचंच नुकसान करतो.

आणि एक काम कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. दहावीच्या मुलीला निबंधासाठी काय द्यायचं, नव्याने वाचायला लागलेल्या आईला कोणती कादंबरी सोपी जाईल, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला कोणता संदर्भ लागेल, हे त्या माणसाच्या डोक्यात असतं. ग्रंथालयशास्त्रातले मोठे नाव डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे त्यातलंच एक. तो वेळ कपाट वाचवत नाही, वाचकाला ओळखणारा माणूस वाचवतो.

पैशाचं गणित

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. या कायद्याखाली ग्रंथालय संचालनालय वाचनालयांना मान्यता देतं आणि अ, ब, क, ड असे वर्ग ठरवतं. पुस्तकं, सभासद, वर्तमानपत्रं, उघडं राहण्याची वेळ यांवर वर्ग ठरतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. कर्नाटक आणि तामिळनाडूत ग्रंथालयांसाठी मालमत्ता करासोबत वेगळा उपकर घेतला जातो. आपल्याकडे तशी सोय नाही. त्यामुळे सगळा भार अनुदान, वर्गणी आणि देणग्यांवर पडतो.

२०२२ मध्ये राज्य सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण सर्वांत छोट्या, म्हणजे ड वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान त्यामुळे वर्षाला ३० हजारांवरून ४८ हजार झालं. महिन्याचे झाले ४ हजार. त्यातली साधारण निम्मी रक्कम पगारासाठी धरली, तर कर्मचाऱ्याच्या हाती तेव्हा महिन्याला २ हजार रुपये येत होते. उरलेल्या २ हजारांत पुस्तकं, पेपरचं बिल, वीजबिल आणि जागेचं भाडं भागवायचं. अनुदान हप्त्यांनी येतं. हप्ता लांबला की आधी थांबतो तो पगार, कारण पेपरवाला आणि वीजवाले थांबत नाहीत.

ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती मिळाव्यात, ही मागणी नवी नाही. प्रभा राव समिती आणि पुढे व्यंकप्पा पत्की समिती, अशा समित्या झाल्या, शिफारशी झाल्या. कर्मचारी मात्र अजूनही मागतच आहेत. म्हणूनच हे काम करणारी व्यक्ती दिवसा शिकवण्या घेते, दुकानात हिशेब लिहिते किंवा शिवणकाम करते आणि संध्याकाळी वाचनालय उघडते.

दुसरे मार्गही आहेत

इमारत नसतानाही पुस्तकं लोकांपर्यंत जाऊ शकतात, हे नाशिकनेच दाखवलं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने २००९ मध्ये विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची एक पेटी एका वाचक गटाकडे द्यायची, गटाने ती आपापसांत वाचायची आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलून घ्यायची. देणगीतून उभ्या राहिलेल्या या पेट्या सोसायट्यांत गेल्या, तुरुंगात गेल्या, परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही पोहोचल्या.

छत्रपती संभाजीनगरमध्ये रीड अँड लीड फाउंडेशनने २०२१ पासून मोहल्ला बाल वाचनालयं सुरू केली. एका शाळकरी मुलीच्या पुढाकारातून ती उभी राहिली. आपल्या समाजातल्या अनेकांना ही बातमी वाचून आनंद झाला होता.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. पेटी असो की मोहल्ल्यातलं कपाट, ते सांभाळायला कुणीतरी एक माणूस लागतोच. पुस्तकं परत आणून द्या म्हणून आठवण करणारा, वही ठेवणारा, ठरलेल्या वेळी दार उघडणारा. तो नसेल तर उद्घाटनाचा फोटो राहतो आणि कपाटाला कुलूप लागतं.

आपल्या घरांना काय करता येईल?

जुन्या नाशकात, भद्रकाली-चौक मंडईकडे किंवा वडाळ्याच्या वस्तीत राहणाऱ्या कुटुंबांनी सगळ्यात आधी जवळच्या वाचनालयाचं सभासद व्हावं. अनामत आणि मासिक वर्गणी मिळून जो खर्च येतो, तो घरातल्या मोबाइल रिचार्जपेक्षा सहसा जास्त नसतो. मुलींची नावंही नोंदवा. वाचनालयाची वेळ त्यांना गैरसोयीची असेल तर चालकांना जाऊन भेटा. दहा घरांनी एकत्र मागणी केली तर वेळ बदलू शकते. रमजानमध्ये इफ्तारच्या सुमाराची वेळ बदलून घेण्याबद्दलही असंच बोलता येतं.

हवी ती पुस्तकं मागा. यू. म. पठाण यांचं संत साहित्यावरचं लेखन, फ. म. शहाजिंदे यांची पुस्तकं, मुलांसाठी सोपी मराठी आणि उर्दू पुस्तकं कपाटात नसतील तर लेखी मागणी द्या. मागणीच नसेल तर समितीला कळणार कसं?

मोहल्ल्यात नवीन वाचनालय काढायचं असेल तर पुस्तकं गोळा करण्याआधी दोन प्रश्न सोडवा. रोज दार कोण उघडणार आणि त्याला दरमहा किती मानधन देणार? तीस घरांनी महिन्याला शंभर रुपये काढले तर ३ हजार होतात. ड वर्गाच्या कर्मचाऱ्याला अनुदानातून मिळणाऱ्या रकमेपेक्षा हे जास्तच आहेत.

या कामात शिक्षण घेऊन पुढेही जाता येतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे आणि तिथे ग्रंथालयशास्त्राची पदवी करता येते. घर सांभाळून शिकणाऱ्या आपल्या मुलींसाठी हा मार्ग विचार करण्यासारखा आहे. शाळा-कॉलेजच्या ग्रंथालयातही या पदवीचा उपयोग होतो.

१५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी हार, भाषणं, फोटो होतील. यंदा त्या दिवशी मुलांना घेऊन जवळच्या वाचनालयात जा, वहीत सही करा, वर्षाची वर्गणी एकदम भरा. आणि टेबलामागे बसलेल्या ताईंना किंवा चाचांना विचारा, या महिन्याचा पगार झाला का?