इंग्लंडमधील तरुण पिढी आणि क्रिकेट

इंग्लंडमध्ये क्रिकेटचा ऱ्हास होत असल्याची तक्रार नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत काउंटी अजिंक्यपदाच्या सामन्यांस एका मोसमात वीस लाखांवर प्रेक्षक येत. १९६६ च्या सुमारास ही संख्या पाच लाखांच्या घरात आली. त्याच काळात हौशी व व्यावसायिक खेळाडूंमधील भेद मोडण्यात आला आणि १९६३ मध्ये मर्यादित षटकांची जिलेट चषक स्पर्धा सुरू झाली. तथापि त्या ऱ्हासात व अलीकडच्या ऱ्हासात मूलभूत अंतर आहे. त्या वेळचा तरुण मैदानाकडे फिरकत नसला, तरी खेळ त्याच्या ओळखीचा होता. पुढे ही ओळखच पुसत गेली. २०१६ मध्ये इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची मुलांविषयीची जी पाहणी पुढे आली, तीत इंग्लंडचा तत्कालीन कर्णधार अलिस्टर कुक याच्यापेक्षा जॉन सीना या अमेरिकन कुस्तीगिरास ओळखणारी मुले अधिक निघाली.

याचे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण असे, की खेळ लांबलचक आणि आजचा तरुण उतावळा. यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. मंडळाच्या २०१४ च्या पाहणीनुसार क्रिकेट खेळणाऱ्यांची संख्या एका वर्षात ९,०८,००० वरून ८,४४,००० वर उतरली, आणि पुरेसे खेळाडू न जमल्याने सोडून द्याव्या लागलेल्या सामन्यांचे प्रमाणही लक्षणीय होते. परंतु वीस षटकांचा खेळ इंग्लंडमध्येच २००३ साली जन्मास आला होता. दहा वर्षे आखूड क्रिकेट उपलब्ध असतानाही खेळणारे घटत असतील, तर दोष केवळ लांबीचा मानता येत नाही.

खरे कारण शोधावयाचे तर शाळेकडे वळावे लागते. फुटबॉलला एक चेंडू व मोकळी जागा पुरते. क्रिकेटला सपाट, रोलर फिरवून राखलेली खेळपट्टी, तिची निगा राखणारा माणूस, पॅड व बॅटी, आणि संध्याकाळपर्यंत थांबणारा शिक्षक लागतो. १९८० नंतरच्या काळात सरकारी खर्चाने चालणाऱ्या अनेक शाळांची क्रीडांगणे विकली गेली. अशा विक्रीस मंत्र्यांची संमती आवश्यक करणारा कायदा १९९८ मध्ये झाला, तोवर बरेच गमावले होते. १९८० च्या दशकाच्या मध्यास वेतनाच्या वादावरून शिक्षकांनी शाळेच्या वेळेबाहेरचे विनामोबदला काम थांबविले आणि तुटलेली परंपरा अनेक ठिकाणी पुन्हा जुळली नाही. त्यात उन्हाळी सत्र आखूड: मे-जूनमध्ये परीक्षा, जुलैअखेर सुटी; म्हणजे मोसमाचा ऐन भर शाळा बंद असताना येतो. खाजगी शाळांनी मात्र मैदाने व प्रशिक्षक दोन्ही राखले. परिणामी २०२१ मध्ये इंग्लंडच्या पुरुष संघाकडून खेळलेल्यांपैकी ५८ टक्के खेळाडू खाजगी शाळांत शिकलेले होते. एकंदर लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ७ टक्के आहे. क्रिकेटमधील समतेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२३ च्या अहवालात ही आकडेवारी नोंदविली, हे बरे झाले. एरवी हा विषय सौजन्याखाली झाकला जातो.

शाळेतून सुटलेला धागा काही काळ दूरचित्रवाणीने धरून ठेवला होता. २००५ च्या अ‍ॅशेस मालिकेत नॉटिंगहॅमचा सामना एका क्षणी ८४ लाख लोक विनाशुल्क पाहत होते. दुसऱ्याच वर्षापासून कसोटी सामन्यांचे थेट प्रक्षेपण केवळ शुल्क भरणाऱ्या प्रेक्षकांपुरते राहिले. मंडळास पैसा मिळाला. तो खालच्या स्तरापर्यंत झिरपलाही. परंतु घरात सहज कानावर पडणारा खेळ अनेक कुटुंबांतून नाहीसा झाला. २०१९ चा विश्वचषक अंतिम सामना पुन्हा विनाशुल्क दाखविला, तेव्हा प्रेक्षकसंख्या लगेच ८० लाखांवर गेली. आवड आटली होती असे यावरून दिसत नाही. वाट अडली होती. २०२१ मध्ये शंभर चेंडूंची स्पर्धा आली. तिचे काही सामने बीबीसीवर दिसू लागले, हाच तिचा मोठा लाभ म्हणावा लागेल. चेंडूंची संख्या ही गौण बाब.

या विवेचनाची कसोटी दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत पाहावयास मिळते. त्यांच्यापैकी बहुसंख्य सरकारी शाळांतच शिकतात, त्यांचे युग तेच, करमणुकीची साधनेही तीच. तरीही हौशी क्रिकेट खेळणाऱ्यांत त्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश आहे. शाळेने न दिलेली ओळख येथे बाप, चुलते व शेजारी देतात. मैदान सार्वजनिक उद्यानाचे असते. प्रस्थापित क्लबांत सहज प्रवेश नव्हता, म्हणून ब्रॅडफर्ड परिसरात १९८० मध्ये कायदे-आझम लीगसारखी स्वतंत्र व्यवस्थाही उभी राहिली. मात्र २०१८ मध्ये मंडळाने या समाजासाठी योजना जाहीर केली, तेव्हा प्रथम श्रेणीच्या व्यावसायिक खेळाडूंमध्ये त्यांचा वाटा अवघा ४ टक्क्यांच्या आसपास होता.