जुन्या फियाटला कुठला ईसीयू?

वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२ चा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. लोक मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून नाहीशी झाली. सोलापूरच्या माणसाने या देशाला दिलेली ही गाडी सोलापूर जिल्ह्यात तरी चालती राहावी, असं मला मनापासून वाटतं.

मी या गाडीला स्पोर्ट्स कार मानतो. का, असं कुणी विचारेल. १९५३ साली इटलीत याच ११०० ची ‘टीव्ही’, म्हणजे तुरिस्मो वेलोचे, ही आवृत्ती निघाली. ती ५० अश्वशक्तीची होती आणि मिल्ले मिलियासारख्या शर्यतीत धावली. इंजिन त्याच घराण्याचं : चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, १०८९ सीसी. आपल्याकडे चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरही फियाट शर्यतीत उतरल्या. लोखंडी ब्लॉकचं हे इंजिन कष्टाळू आहे. वय झालंय ते त्याला पेट्रोल आणि ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचं.

मंद्रूपला ते वय लवकर उघडं पडतं. सोलापूरहून विजयपूरच्या वाटेवर दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. पुढे भीमा ओलांडली की कर्नाटक. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. इंजिनाला चिकटलेला यांत्रिक पेट्रोल पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर दुपारी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघत उभं राहणं जुन्या फियाटवाल्यांना नवीन नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. ज्या जिल्ह्याचा ऊस त्या इथेनॉलला लागतो, त्याच जिल्ह्यातल्या जुन्या कार्बोरेटरला ते सोसत नाही. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात. ई-२० ला साधारण साडेतेराच. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के इंधन जास्त हवं. कार्बोरेटरचा जेट मात्र जुन्याच हिशेबाचा. मिश्रण पातळ होतं, पिकअप जातो, इंजिन तापतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलने खराब होतात ते वेगळंच. म्हणून ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचा, विचार करायच्या आधी नळ्या बदलाव्यात.

दुसरं दुखणं डिस्ट्रिब्युटरचं. त्याचं झाकण काढून सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटकडे नीट पाहा. कॅमवर घासणारी छोटी टाच झिजली की पॉइंटची फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि ठिणगी मागे पडते. खाली वजनं आणि स्प्रिंगा असतात. फेरे वाढले की वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगी पुढे ओढतात. स्प्रिंग सैल पडली, शाफ्ट हलायला लागला, की प्रत्येक सिलिंडरची वेळ थोडी थोडी वेगळी होते. ‘मिसिंग मारते’ अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा मिस्त्री बहुतेक वेळा कार्बोरेटरच खोलतो. मूळ रोग अनेकदा या झाकणाखाली असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : आधी ठिणगी, मग इंधन. आणि दोन्हींसाठी नियंत्रक एकच घ्यावा, दोनदा खर्च करू नये.

बाजारात पर्याय पुष्कळ आहेत, पण काही लगेच गळतात. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक मोटरसायकलवाल्यांना चांगला ठाऊक आहे. पण तो पिगीबॅक आहे, गाडीच्या मूळ ईसीयूचे संदेश बदलतो. फियाटला मूळ ईसीयूच नाही, तर बदलणार काय? एखाद्या नव्या गाडीचा ईसीयू काढून बसवावा, तर त्याचे इंधन-ठिणगीचे तक्ते त्या इंजिनासाठी आतून बंद केलेले असतात. हॅलटेक, लिंक यांसारखे परदेशी ईसीयू उत्तम आहेत यात शंका नाही. आयात शुल्क धरून त्यांचा खर्च मात्र फियाटच्याच किमतीला टेकू शकतो, आणि बिघडला तर जवळपास कुणाकडे न्यायचा?

उरतात उघडे ईसीयू. अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट घडवला आणि स्वतः ईसीयू जोडायची सवय हौशी लोकांना लावली. ऑस्ट्रेलियातून आलेला स्पीडुइनो त्याहून साधा : अर्दुइनो मेगा २५६० बोर्डावर चालतो, त्याची आज्ञावली सर्वांना खुली आहे. सोलापूरला वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून आहे. तिथल्याच काय, कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांनी अर्दुइनो हाताळलेला असतो. मंद्रूपच्या गाडीसाठी मी स्पीडुइनोच निवडेन. तो सगळ्यांत ताकदवान आहे म्हणून नाही. त्याच्या आत काय चाललंय ते जिल्ह्यातला माणूस वाचू शकतो म्हणून. सेन्सर, कॉइल, थ्रॉटल बॉडी हे सगळं मारुतीसारख्या गाड्यांचं घ्यावं, म्हणजे सोलापुरात पार्ट मिळतो.

पहिल्या टप्प्यात कार्बोरेटर तसाच ठेवायचा. क्रँक पुलीवर ३६ दात बसतील अशी चकती, त्यातला एक दात गाळलेला. दर दहा अंशांना एक दात. गाळलेल्या दाताच्या जागेवरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. चकती लेथवर नीट केंद्रात फिरली पाहिजे, कारण सेन्सर आणि दात यांच्यामधलं अंतर मिलिमीटरभरच असतं. हॉल सेन्सर घ्यावा. स्टार्टर हळू फिरला तरी त्याचा संदेश स्वच्छ येतो. त्याची वायर जाळीच्या वेष्टणाची हवी आणि प्लगच्या वायरींपासून लांब. पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्यांना एकदम ठिणगी देणारा कॉइल पॅक लावला की डिस्ट्रिब्युटरच्या टोपीचं कामच उरत नाही. मॅनिफोल्डला दाबाचा सेन्सर जोडायचा. मग एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला दाब, अशा १६ बाय १६ च्या तक्त्यात २५६ खणांत ठिणगीची वेळ भरता येते. वजनं आणि स्प्रिंगांच्या एका रेषेत ते कधी मावलंच नसतं.

एवढ्यावर गाडी निम्मी सुधारते. मग दुसरा टप्पा, आणि तिथे घाई नको. इंजेक्शनचा पंप तीन बार दाब देतो आणि सतत वीज खातो. जुन्या डायनामोला आयडलवर ते झेपत नाही, म्हणून आधी अल्टरनेटर. टाकीकडे परतीची नळी हवी. दाबाखालचं, सतत फिरतं पेट्रोल सहजासहजी उकळत नाही, तेव्हा ओल्या फडक्याची गरज इथे संपते. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावावाच. तो उरलेला ऑक्सिजन मोजतो, त्यामुळे टाकीत कमी इथेनॉलचं पेट्रोल असो की ई-२०, मिश्रण पातळ झालं की जाड ते त्याला कळतं आणि ईसीयू इंधन कमीजास्त करतो. दाबाचा सेन्सर असल्याने मुंबईच्या समुद्रसपाटीवरून सोलापूरच्या साडेचारशे मीटरांच्या आसपासच्या उंचीवर आलं तरी जेट बदलावा लागत नाही.

कायद्याचंही पाहावं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. म्हणून ब्लॉकला नवं भोक पाडू नये, मूळ वायरिंग कापू नये; नवं हार्नेस वेगळं ओढावं आणि सोलेक्स कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर जपून ठेवावेत. एका दिवसात गाडी पूर्वपदावर आणता आली पाहिजे.

शेवटचा मुद्दा हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा, कारण तिथे फसगत फार होते. तो मॅनिफोल्डवर बसवला तर गाडी थांबल्यावर धातूच्या उष्णतेने तापतो. ईसीयूला वाटतं हवाच विरळ आहे, तो इंधन कापतो आणि गरम गाडी सुरू होत नाही. म्हणून तो एअर क्लीनरमध्ये बसवावा. मुख्य तक्ते हिवाळ्यात भरले तरी चालतात. गरम स्टार्टचे मात्र मे महिन्यातच भरावेत : दुपारी दोनला विजयपूर रस्त्यावर गाडी पुरती तापवायची, दहा मिनिटं बंद करून उन्हात उभी करायची, मग स्टार्टर मारायचा आणि लॅपटॉपवर लॉग बघायचा.