सुरासाठी सोडलेले घर

डिसेंबर आला की पुणेकरांची पावले ‘सवाई’कडे वळतात. १९५३ मध्ये हा महोत्सव गुरूच्या स्मृतीसाठी सुरू करणारे भीमसेन जोशी १९३३ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, गदगचे घर सोडून पळाले होते. अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून लागलेली ही ओढ! ग्वाल्हेर, जालंधर अशी वणवण झाली. शिक्षक असलेल्या वडिलांनी मुलाला शोधून घरी आणले. पण त्याचे गाणे थांबवले नाही. अखेर कुंदगोळला खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व गुरू लाभले. तेथे किराण्याची तालीम पक्की झाली. तरी कान उघडेच राहिले. केसरबाई, अमीर खाँ यांच्या गाण्यातले जे भावले, ते भीमसेनांनी आपल्या गळ्यात मुरवले. मूल पळाले म्हणून रागावणारी घरे पुष्कळ. ते कशासाठी पळाले, हे ओळखणारे घर विरळा.